थोडी स्पेस मिळेल का?

आपल्या पिढीचा सगळ्यात लाडका शब्द कोणता? ‘वीकेंड’? चूक. ‘अप्रेझल’? तो लाडका नाही, नुसता धाकातला. माझ्या मते हा मान ‘स्पेस’चा. बॉयफ्रेंडला आपण बिनधास्त सांगतो, मला थोडी स्पेस हवीय. बॉसला मनातल्या मनात सांगतो. मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करून सांगतो. घरच्यांना मात्र सांगता येत नाही. कारण तिथे त्याचं मराठी करावं लागतं, आणि मराठीत ते वाक्य ‘मला तुमच्यात राहायचं नाही’ असं काहीतरी होऊन बसतं.

आमचं ठाण्यातलं घर टू बीएचके. एका बेडरूममध्ये सासू-सासरे, दुसरीत आम्ही दोघं, हॉलमध्ये सीएचा अभ्यास करणारा दीर आणि त्याची पुस्तकं. मी पडले फ्रीलान्सर, म्हणजे माझं ऑफिस डायनिंग टेबल. डाव्या हाताला लोणच्याची बरणी, उजव्या हाताला लॅपटॉप. एकदा एका संपादकांशी व्हिडिओ कॉल चालू होता. मी अगदी गंभीर चेहरा करून स्टोरी पिच करत होते आणि मागून आवाज आला, ‘अगं, पाय वर घे, फरशी पुसायचीय!’ संपादक हसले. स्टोरी मिळाली नाही.

बेडरूममध्ये बसून काम का करत नाही, असं विचाराल. सुरुवातीला बसायचे. पण भरदिवसा बेडरूमचं दार लावलं, की पाच मिनिटांत टकटक. ‘बरं नाही का गं?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. ‘भांडलात का?’ तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन लोणच्याच्या बरणीशेजारी येऊन बसले.

माझ्या सासरचे लोक वाईट आहेत का? मुळीच नाही. हीच तर पंचाईत आहे. वाईट असते, तर भांडून बाहेर पडता आलं असतं.

तर गेले तीन महिने मी आणि नवरा गुपचूप भाड्याचं घर शोधत होतो. ऑफिस सुटल्यावर, ‘ट्रॅफिक होतं’ अशा थापा मारून. शेवटी एक वन बीएचके सापडलं, इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. महिनाअखेरीला टोकन द्यायचं होतं. घरी सांगितलं नव्हतं. ‘तुझी आई, तू सांग’ आणि ‘तुझ्याशी ती जास्त मोकळी आहे, तू सांग’ असा टेबल टेनिसचा सामना रोज रात्री दबक्या आवाजात रंगायचा. दबक्या आवाजात, कारण भिंतीपलीकडे दीर.

आणि मग आला तो शनिवार.

जुनं काहीतरी लाव गं…

सासरे नाशिकला लग्नाला गेलेले. नवरा आणि दीर टर्फवर क्रिकेट खेळायला. घरात मी आणि सासूबाई. रिमोट माझ्या हातात. सासूबाईंची फर्माईश ठरलेली: ‘जुनं काहीतरी लाव. ज्यात कोणी कोणाला मारत नाही असं.’ ही अट घातली, की निम्मं हिंदी सिनेमाजगत बाद. मी ‘पिया का घर’ लावला. दोन तास टाइमपास होईल, असा सरळ हिशोब.

मास कॉमला असताना आम्हाला गोदार्द दाखवला, सत्यजित राय दाखवले. राजश्रीचा सिनेमा कोणी दाखवला नाही. दाखवायला हवा होता, असं आता वाटतं.

‘पिया का घर’ १९७२चा. निर्मिती राजश्री प्रॉडक्शन्सची, दिग्दर्शक बासू चटर्जी, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. जया भादुरी आणि अनिल धवन ही जोडी, दोघंही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेले. (अनिल धवन म्हणजे वरुण धवनचा काका. २०१८च्या ‘अंधाधुन’मधला जुन्या जमान्यातला हिरो आठवतोय? तेच ते.)

गोष्ट एका ओळीची. मालती गावाकडच्या ऐसपैस घरात वाढलेली. राम मुंबईचा. लग्न ठरतं, होतं, आणि मुंबईत आल्यावर मालतीला कळतं, की सासर म्हणजे चाळीतली इवलीशी जागा आणि त्यात राहणारं अख्खं खटलं. नव्या जोडप्याला रात्रीपुरती मिळते ती स्वयंपाकघराची जागा. आता तुम्हीच विचार करा. आठ माणसांच्या घरात रात्री कुणाला तहान लागली तर पाणी कुठे? स्वयंपाकघरात. कुणाचं पोट बिघडलं तर ओवा कुठे? स्वयंपाकघरात. एवढ्या गर्दीत दोन नव्या माणसांनी एकमेकांशी ओळख करून घ्यायची आहे.

यात व्हिलन कोणी नाही. सासू छळत नाही. जाऊ जळत नाही. सगळे मालतीचे लाडच करतात. फक्त तिला नवऱ्याशी बोलायला जागा नाही. मराठीत या अवस्थेला फार नेमका शब्द आहे: कुचंबणा. छळ झाला तर निदान तक्रार करता येते. कुचंबणेची तक्रार कुणाकडे करायची? दोष द्यायला समोर कोणी नसतंच.

सासूबाई सिनेमा बघत होत्या ते वेगळ्याच नजरेने. मी जया भादुरीचे डोळे बघत होते, त्या खोली बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘यांची मोरी कुठेय? सिनेमात चाळ दाखवतात, मोरी कधी दाखवत नाहीत.’

मी दुर्लक्ष केलं. तिथेच चुकलं माझं.

मूळचा आपलाच

इथे थोडं गुगलसारखं बोलते, सहन करा. ‘पिया का घर’ हा रिमेक आहे, आणि तोही मराठीचा. मूळ सिनेमा ‘मुंबईचा जावई’, १९७०चा, राजा ठाकूर यांचा. गाणी गदिमांची, संगीत सुधीर फडके यांचं. त्यातली गाणी तुमच्या आईला अजून पाठ असतील, विचारून बघा. आणि मूळ कथा कुणाची? वपुंची. होय, कॉलेजात ज्यांची वाक्यं आपण डायरीत उतरवून घेतली, तेच व. पु. काळे.

आता गंमत बघा. वपु पेशाने वास्तुविशारद. नोकरी मुंबई महापालिकेत. म्हणजे दिवसभर घरांचे नकाशे, भिंती, खिडक्या, दारं यांच्यात वावरणारा माणूस. चौरस फुटांचा हिशोब ज्याला पाठ, त्याने लिहिलेली ही गोष्ट आहे, आणि ती एका जोडप्याला न मिळालेल्या दाराची आहे.

ही जागेची टंचाई काही लेखकाने रंगवून सांगितलेली नव्हती. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथली एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्या ऑफिसातली छोटी कॉन्फरन्स रूम साधारण तेवढीच असते, जिच्यात आपण सहा जण अर्धा तास बसलो तरी गुदमरतो. तेवढ्या खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. लग्नं झाली, बाळंतपणं झाली, दहावीचे अभ्यास झाले, म्हातारी माणसं तिथेच गेली. पुनर्विकासातल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या वरळीतल्या ५५६ कुटुंबांच्या हातात पडल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. शंभर वर्षं लागली स्वतःची बेडरूम मिळायला.

न बोलणाऱ्यांचा दिग्दर्शक

बासू चटर्जी हे नाव घेतलं, की आपल्याला ‘रजनीगंधा’ आठवतो, ‘छोटी सी बात’ आठवतो. बसस्टॉप, ऑफिसची लिफ्ट, साधी सुती साडी. सिनेमात येण्याआधी ते ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात वर्षानुवर्षं व्यंगचित्रं काढायचे. त्यामुळे माणूस कुठे अवघडून उभा राहतो, हे त्यांना अचूक दिसायचं. २०२०च्या जूनमध्ये ते गेले, लॉकडाऊनच्या त्या विचित्र दिवसांत. अख्खा देश तेव्हा आपापल्या घरात कोंडला होता आणि घर केवढं आहे हे प्रत्येकाला नव्याने कळत होतं.

त्यांचा पहिला सिनेमा कोणता, माहितीय? १९६९चा ‘सारा आकाश’. राजेंद्र यादव यांच्या कादंबरीवरचा. आग्र्यातलं मध्यमवर्गीय एकत्र कुटुंब, नवं लग्न झालेलं जोडपं, आणि ते जोडपं एकमेकांशी बोलतच नाही. एक-दोन दिवस नव्हे, महिनोनमहिने. भरल्या घरात नवरा-बायको समोरासमोरून जातात आणि गप्प. के. के. महाजन यांना त्याच्या छायाचित्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो कॅमेरा त्या घराच्या जिन्यांतून, गच्चीवरून असा फिरतो, की बघताना आपल्यालाही वाटतं, कोणीतरी ऐकतंय.

म्हणजे तीन वर्षांत एकाच दिग्दर्शकाने दोनदा तोच प्रश्न हाताळला. आग्र्याच्या घरात जागा आहे पण बोलणं नाही. मुंबईच्या घरात बोलायचं खूप आहे पण जागा नाही.

त्याच १९७२मध्ये हृषीकेश मुखर्जींचा ‘बावर्ची’ आला. तपन सिन्हांच्या ‘गल्प होलेओ सत्यि’ या १९६६च्या बंगाली सिनेमावरून केलेला. तिथेही एकत्र कुटुंब आणि तिथेही जया भादुरी. घराचं नाव ‘शांती निवास’, पण शांती औषधालाही नाही आणि एकही स्वयंपाकी टिकत नाही. मग राजेश खन्ना येतो आणि सगळ्यांना वठणीवर आणतो. ‘बावर्ची’ मला आवडतो, पण त्यात एक सोय आहे: बाहेरून कुणीतरी येतं आणि तुमच्या घरातलं अवघड बोलणं तुमच्या वतीने बोलून जातं. असा माणूस आम्हालाही हवा होता. रजेवर गेलेल्या बाईंच्या बदली, तीन दिवसांसाठी.

आणि राजश्रीचं पुढे काय झालं? त्यांच्या सिनेमातलं घर वाढत गेलं. १९९४च्या ‘हम आपके है कौन’मध्ये ते बंगला झालं, १९९९च्या ‘हम साथ साथ है’मध्ये त्याचा महाल झाला. माणसं तेवढीच, किंबहुना जास्त, पण कुणालाच जागा कमी पडत नाही. प्रत्येक जोडप्याला दालन आहे. आपण वाढलो ते हे सिनेमे बघत. एकत्र कुटुंब म्हणजे संगमरवरी जिन्यावर उभं राहून फोटो काढणारे लोक, असं आपल्या डोक्यात बसलं. मोरी कधीच दिसली नाही. (सासूबाईंचा मुद्दा आता मला पटतोय, बघा.)

जया भादुरींचा प्रवासही बघण्यासारखा. १९७२मध्ये स्वयंपाकघरात अंथरूण घालणारी सून. २००१च्या ‘कभी खुशी कभी गम’मध्ये महालात राहणारी आई, जी जवळजवळ अख्खा सिनेमा गप्प राहते आणि शेवटी नवऱ्याला एकदाचं सुनावते. २०२३च्या ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’मध्ये तर स्वतःच घरावर राज्य करणारी खाष्ट आजी. पन्नास वर्षांत सुनेची आजेसासू झाली. स्पेस मागणारी मुलगी स्पेस न देणारी बाई कशी होते, यावर कुणीतरी सिनेमा काढायला हवा.

‘आमच्याकडे कोणी विचारलं नाही’

तर शेवटाकडे येऊ. पन्नासहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे स्पॉयलर म्हणून ओरडू नका.

मालतीचे काका तिला भेटायला येतात. पोरीची अवस्था बघून त्यांचा जीव तुटतो. रामचं वेगळं घर होईपर्यंत तिला माहेरी न्यायचं, असं ते ठरवतात. ही गोष्ट घरात कळते आणि मग एकेक जण पुढे येतो. मी दुसरीकडे राहायला जातो, आम्ही जातो, आमची काळजी करू नका, पोरीला जागा करून द्या. जे लोक अख्खा सिनेमाभर नकळत तिच्या वाटेत येत होते, तेच आता बाजूला व्हायला तयार. ते बघून मालती विरघळते. ती जात नाही. तिथेच राहते.

आता माझी खरी रिअ‍ॅक्शन सांगते. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम. रडू का, ते उघड आहे. राग अशासाठी, की प्रश्न सुटला कुठे? रात्र झाली की अंथरूण पुन्हा स्वयंपाकघरातच पडणार ना? प्रेम दाखवून तिला गप्प केलं, असं मला वाटलं. आपल्या घरांमध्ये हे फार चालतं. समोरचा इतका चांगला वागतो, की तुम्हाला काही मागताच येत नाही.

हे सगळं मी बोलणार होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात सासूबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या, ‘आमच्याकडे कोणी विचारलं नाही.’

त्यांचं लग्न १९९१चं. लालबागच्या चाळीत एक खोली, दहा बाय पंधराची, वर पोटमाळा. आठ माणसं. ‘सहा महिने मी नणंदेशेजारी झोपले,’ त्या म्हणाल्या. ‘हे बाहेर गॅलरीत, भावांबरोबर. नवरा-बायकोचं बोलणं व्हायचं ते नळावर. मी बादली लावायची, हे ब्रश करत उभे. पाणी जाईपर्यंत जेवढं बोलून होईल तेवढं.’

चार वर्षं. मग ठाण्याचं हे घर घेतलं.

‘मी नाही रडत असले सिनेमे बघून,’ त्या म्हणाल्या. ‘यांनी निदान विचारलं तरी. सिनेमात का होईना.’

चहा टाकायला म्हणून त्या उठल्या. मी मागोमाग गेले. गॅस पेटवून त्या तशाच उभ्या राहिल्या. पाणी उकळायला लागलं तरी पावडर टाकेनात.

‘रविवारी दुपारी मात्र,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘सासूबाई सगळ्यांना घेऊन राणीच्या बागेत जायच्या. पोरं, दीर, मामंजी, सगळी वरात. मला म्हणायच्या, तू थांब, गहू निवडायचेत. मला असा राग यायचा! सगळे फिरायला आणि मी गहू निवडायला. आणि ह्यांना सांगायच्या, स्टोव्ह बिघडलाय, बघून ठेव.’

मी काहीच बोलले नाही.

‘दर रविवारी स्टोव्ह कसा बिघडेल गं?’

मग त्यांनी पावडर टाकली. जरा जास्तच पडली.

‘तेव्हा कळलं नसेल असं नाही. पण बोलल्या नाहीत ना कधी, म्हणून मी ते मोजलंच नाही. गहू तेवढे मोजले. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, की सासूने मला एकदाही राणीच्या बागेत नेलं नाही.’

माझ्या आजेसासूबाई २०११ला गेल्या. मी त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत बघितलंय. डोक्यावर पदर, नाकात नथ, चेहरा भलताच कडक. या बाई चार वर्षं, दर रविवारी, उन्हातान्हात सहा जणांना घेऊन तोच पाणघोडा बघायला जात होत्या. एका सुनेला दोन तास मिळावेत म्हणून. आणि सुनेला त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलणार तरी काय? कोणत्या शब्दांत?

सिनेमाच्या शेवटाबद्दल माझं मत त्या ओट्यापाशी बदललं. त्या घरात प्रश्न सुटत नाही, हे खरंच आहे. पण एक गोष्ट होते. या दोघांना जागा हवी आहे, हे वाक्य घरात सगळ्यांसमोर मोठ्याने उच्चारलं जातं. आजवर जी गोष्ट कुणी तोंडाने काढत नव्हतं, ती माणसं बोलून टाकतात. खोली तेवढीच राहते, पण मालतीला आता कळलेलं असतं, की आपली अडचण यांना दिसते. लालबागच्या खोलीतही ती दिसत होती. पण कुणी बोललं नाही, आणि त्या न बोलण्यापायी एका चांगल्या बाईच्या नावावर पस्तीस वर्षं एक तक्रार जमा राहिली.

मग मी काय केलं?

सांगून टाकलं. तिथेच, चहा गाळता गाळता. मनात पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ‘आई, आम्ही घर बघितलंय. भाड्याचं. जवळच आहे. तुमचा काही दोष नाही.’ एवढं सगळं एका दमात. इतकं वाईट सांगितलं, की माझं मलाच कसंतरी झालं.

इथे सिनेमा असता तर सासूबाईंनी मला जवळ घेतलं असतं आणि मागे किशोरकुमारचं ते प्रसिद्ध गाणं वाजलं असतं. प्रत्यक्षात त्यांनी दोन कप भरले, एक माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, ‘किती लांब?’

‘रिक्षाने पंधरा मिनिटं.’

‘ओटा केवढा आहे?’

‘छोटाच आहे.’

‘हं.’

त्या ‘हं’नंतर पाच दिवस घरात बोलणं झालं ते भाजीपुरतं. नवऱ्याने रात्री विचारलं, ‘तू सांगितलंस? एकटीने?’ त्याच्या आवाजात कौतुक किती आणि सुटल्याचा आनंद किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. सासरे नाशिकहून आले, त्यांना कळलं, त्यांनी पेपर उघडला आणि बराच वेळ एकच पान वाचलं. दीर तेवढा खूश. त्याला बेडरूम मिळणार.

गुरुवारी संध्याकाळी लोणच्याच्या बरणीशेजारी मला एक कुकर दिसला. तीन लिटरचा, जुना, पण नवी शिट्टी लावलेला. आत एक पळी, एक चिमटा आणि मिसळणाचा डबा. कुणी काही बोललं नाही. मी बघितलं, सासूबाई टीव्ही बघत होत्या.

खरं तर हे समजून घेणं सोपं होतं. राणीच्या बागेची गोष्ट मी ऐकलेली होती. या घरात माया कशी चालते, ते मला आता ठाऊक होतं. कुकर उचलून बॅगेत ठेवायचा, आणि पुढची तीस वर्षं दोघींनी आपापले अंदाज बांधत बसायचं.

मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, ‘आई, रागावलात का?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘रागावलेय. पण कुकर ने. तुमचा तो इलेक्ट्रिकचा असतो, त्यात डाळ धड शिजत नाही.’

टोकन सोमवारी दिलं. एक तारखेला शिफ्ट होतोय. रविवारी दुपारी जेवायला इकडेच यायचं, असं ठरलंय. कुणी ठरवलं, विचारू नका. यावेळी मात्र चौघांनी टेबलाभोवती बसून, मोठ्याने बोलून ठरवलं.

जाता जाता… या वीकेंडला काय बघाल?

पिया का घर (१९७२): शक्यतो आई किंवा सासूबरोबर बघा. सिनेमा संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

मुंबईचा जावई (१९७०): वरच्याचं मूळ. दोन्ही लागोपाठ बघितलेत, तर मराठी घर आणि हिंदी घर यांतला फरक शोधण्याचा खेळ घरबसल्या होईल.

सारा आकाश (१९६९): ब्लॅक अँड व्हाइट आणि संथ. ऑफिसातून दमून आलेल्या दिवशी नको. नवरा-बायकोत अबोला असेल तेव्हा जरूर.

बावर्ची (१९७२): सगळ्या घराने मिळून जेवता जेवता बघण्यासारखा. फक्त नंतर भांडी कोण घासणार, हे आधी ठरवून घ्या.